रेट कार्ड बदलणारच; हिशेब तयार ठेवा

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कुणाशीही बोला, तक्रार कमिशनपासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. कोण किती टक्के कापतो, कुणाचे दर गेल्या महिन्यात वाढले, सध्या शून्य कमिशन कुठे आहे, यावर विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज चर्चा झडते. ही चीड रास्त आहे. सोलापूरची चादर असो, कोल्हापुरी चप्पल असो की कोकणातले आगळ, माल बनवणाऱ्याने महिनोन् महिने राबायचे आणि प्लॅटफॉर्मच्या पॅनेलवर आलेल्या एका सूचनेने नफ्याचे गणित कोलमडायचे, हे कुणालाही सलेल. तरीही ‘कमिशन किती?’ हा प्रश्न विक्रेत्याला चुकीच्या दिशेला नेतो असे माझे मत आहे. जास्त दरातही धंदा करता येतो, फक्त तो दर आधी ठाऊक असायला हवा आणि टिकायला हवा. विक्रेता अडकतो तो दर, वजनाचे टप्पे, रिटर्नचे नियम आणि पैसे मिळण्याची मुदत हे सगळे समोरच्याला एकतर्फी बदलता येते म्हणून. कराराच्या ज्या मजकुराखाली आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो, त्यातच हा अधिकार दिलेला असतो. म्हणून स्वस्त प्लॅटफॉर्म शोधत फिरण्यापेक्षा, दर उद्या बदलणारच असे धरून आजचा हिशेब आणि आजची किंमत ठरवणे हा जास्त भरवशाचा बचाव आहे.

शून्य कमिशनच्या लाटेकडेच पाहा. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचे धोरण आणले. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या सव्वा कोटीच्या आसपास वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे तिथले कमिशन, काढून टाकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने १,००० रुपयांखालच्या वस्तूंसाठी शून्य कमिशन जाहीर केले. छोट्या विक्रेत्याला याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कमिशन हे रेट कार्डमधले एक कलम आहे. त्याच्या खाली क्लोजिंग किंवा फिक्स्ड फी असते, शिपिंग किंवा वेट हँडलिंग असते, काही ठिकाणी पेमेंट वसुलीचा आकार असतो, माल त्यांच्या गोदामात ठेवला तर साठवणीचे भाडे आणि उचल-पॅकिंगचा खर्च असतो. त्याशिवाय जाहिरात. ती नावापुरती ऐच्छिक असली तरी लिस्टिंग पहिल्या पानावर ठेवायची तर टाळणे कठीण. या सर्व शुल्कांवर १८ टक्के जीएसटी. प्लॅटफॉर्मला आपला खर्च आणि नफा कुठून तरी काढावाच लागतो. एका कलमातून सोडलेला रुपया दुसऱ्या कलमात येऊ शकतो. त्यामुळे दोन प्लॅटफॉर्मच्या कमिशनची टक्केवारी शेजारी शेजारी मांडून निर्णय घेणारा विक्रेता अर्धेच रेट कार्ड वाचत असतो.

पूर्ण रेट कार्ड वाचायचे म्हणजे काय, ते एका चादरीवर करून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला. समजा चादर जीएसटीसह ९९९ रुपयांना विकली. ५ टक्के कर वजा केला की हातात राहतात ९५१. चादर तयार व्हायला ५६० आणि पॅकिंगला २५, म्हणजे ५८५ रुपये आपला खर्च. कमिशन ८०, फिक्स्ड फी ३०, शिपिंग ९० असे २०० रुपये प्लॅटफॉर्मचे. त्यावरचे ३६ रुपये जीएसटी नियमित नोंदणी असलेल्याला परत वजा करून मिळतात, म्हणून ते तूर्त बाजूला ठेवू. (कंपोझिशनमध्ये असलेल्याने मात्र ते थेट खर्चात धरायचे, कारण त्याला इनपुट क्रेडिट नाही.) उरले १६६ रुपये. बहुतेकांचा हिशेब इथे थांबतो आणि ‘एका चादरीमागे दीडशेच्या वर सुटतात’ असा समज पक्का होतो. आता १०० ऑर्डर घ्या आणि त्यातल्या १५ परत आल्या असे धरा. काही ग्राहकाने परत केलेल्या, काही दारातूनच फिरलेल्या. प्रत्येक परतीमागे जातानाचे आणि येतानाचे भाडे, वाया गेलेले पॅकिंग, पुन्हा घडी घालण्याची मजुरी आणि मळून खराब झालेल्या नगांचा वाटा मिळून २२० रुपये गेले असे माना. टिकलेल्या ८५ ऑर्डरींचे १४,११० रुपये, त्यातून परतीचे ३,३०० वजा, राहिले १०,८१०. जाहिरातीवर ऑर्डरमागे ४० रुपये गेले असतील तर आणखी ४,००० वजा. शंभर चादरी पाठवून हातात आले ६,८१० रुपये. म्हणजे टिकलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे साधारण ८०; डोक्यातल्या १६६ च्या निम्म्याहून कमी.

आता या हिशेबात एकच बदल करा: शिपिंग ३५ रुपयांनी वाढले. विक्रीच्या किमतीच्या मानाने ही वाढ साडेतीन टक्के, म्हणजे ऐकायला किरकोळ. पण ती शंभरही पाकिटांवर लागते, परत आलेल्यांवरसुद्धा. ३,५०० रुपये गेले आणि ६,८१० चे ३,३१० उरले. साडेतीन टक्क्यांच्या बदलाने निम्म्याहून अधिक नफा खाल्ला. प्लॅटफॉर्मच्या सूचनेत मात्र ‘दरांत सुधारणा’ एवढेच लिहिलेले असते. असा बदल लागू झाल्यानंतर दोन महिन्यांनी सेटलमेंट पाहताना लक्षात येणारा विक्रेता तोवर आतबट्ट्याचा व्यवहार करत बसलेला असतो. लागू होण्याच्या आदल्या दिवशी ज्याने हे गणित केले, त्याच्यापुढे निदान पर्याय असतात: किंमत ४० रुपयांनी वाढवायची, दोन चादरींचा जोड करून विकायचा, किंवा ती लिस्टिंगच थांबवायची. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी अशी एक शीट तयार ठेवा. त्यात शुल्काचे प्रत्येक कलम वेगळ्या रकान्यात हवे, आणि परतीचे प्रमाण अंदाजाने न लिहिता मागच्या तीन महिन्यांच्या सेटलमेंट फाइलमधून काढलेले हवे. नवा दर आला की एक आकडा बदलायचा आणि कोणती वस्तू तोट्यात गेली ते त्याच संध्याकाळी कळायला हवे.

शिपिंगच्या कलमावर थोडे जास्त थांबतो, कारण विक्रेत्याच्या हातात खरोखर काही असेल तर ते इथेच. कुरिअरचे वजन काट्यावरचे असतेच असे नाही. पाकिटाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचे. येणारा आकडा आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे लागते, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. सव्वा किलोची चादर ४० बाय ३० बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात घातली तर तिचे वजन २.४ किलो धरले जाईल. तीच चादर घट्ट घडी घालून, हवा काढून, ६ सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात बसवली तर १.४४ किलो. जवळपास एक किलोचा फरक निव्वळ हवेचा. त्यामुळे दरवाढीची सूचना आली की कमिशनवर हळहळण्याआधी टेप घेऊन पाकीट मोजा. शिवाय प्रत्येक मालाचे पॅक केलेले पाकीट काट्यावर ठेवून आणि टेप लावून एकेक फोटो काढून ठेवा. वाहतूकदाराने चुकीचे वजन नोंदवून जास्त रक्कम कापणे ही नेहमीची तक्रार आहे आणि तिथे फोटोशिवाय केलेला युक्तिवाद टिकत नाही.

करांच्या बाबतीतही बरेच विक्रेते आपलेच पैसे सोडून देतात. जीएसटीखाली प्लॅटफॉर्म विक्रीतून टीसीएस कापतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. आयकराचा टीडीएस आधी १ टक्का होता, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. हे शुल्क नाही, परत मिळणारी रक्कम आहे. पण टीसीएस आपोआप खात्यात येत नाही. जीएसटी पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या तक्त्यात जाऊन ते स्वीकारावे लागते, मग ते इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होते. वर्षाला २० लाखांची करपात्र विक्री असेल तर हे १०,००० रुपये होतात. आपल्या सीएला हा तक्ता दर महिन्याला तपासायला सांगा. आणखी एक: उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवायही, पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरती ऑनलाइन विक्री करता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्या बचत गटांनी ही वाट जरूर पाहावी. मात्र शुल्कावरचा १८ टक्के कर त्यांनाही परत मिळत नाही, हे किंमत ठरवतानाच धरावे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाकून देण्यासारखा नाही. प्लॅटफॉर्मने कोट्यवधींची गोदामे उभारली, देशभरचा ग्राहक दारात आणून दिला. त्याला आपला दर ठरवायचा हक्क आहे, परवडत नसेल त्याने बाहेर पडावे. पहिला भाग मला मान्य आहे. इचलकरंजीच्या छोट्या यंत्रमागधारकाला गुवाहाटीचा ग्राहक एरवी मिळाला नसता. पण ‘बाहेर पडावे’ हे बोलायला सोपे आहे. चार वर्षांत जमवलेले रेटिंग, हजारो अभिप्राय, शोधात मिळालेली जागा यांतले काहीही दुसरीकडे नेता येत नाही. ग्राहकाचा नंबर विक्रेत्याकडे नसतो. दुकानाचे भाडे वाढले तर गिऱ्हाइकाला नवा पत्ता सांगून जागा बदलता येते. इथे पत्ता सांगायचीही सोय नाही. बाहेर पडणे इतके महाग असते, तिथे बदलाची पुरेशी आगाऊ सूचना मागणे ही मेहेरबानीची याचना ठरत नाही, व्यवहारातली किमान अपेक्षा ठरते. युरोपीय संघाने ती कायद्यात लिहिली. १२ जुलै २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या नियमानुसार प्लॅटफॉर्मने अटी बदलण्याआधी विक्रेत्याला किमान १५ दिवस कळवावे लागते, आणि खाते कायमचे बंद करायचे असेल तर काही अपवाद वगळता ३० दिवस आधी कारणांसह. भारतात विक्रेत्यांसाठी अशी दिवसांची मुदत घालून दिलेली नाही. परकीय गुंतवणुकीच्या प्लॅटफॉर्मनी सर्व विक्रेत्यांना भेदभाव न करता सेवा द्याव्यात, असे डिसेंबर २०१८ च्या सरकारी प्रेस नोटमध्ये आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये विक्रेत्यांना वेगळी वागणूक दिली जात असेल तर ती अटींमध्ये नमूद करायला सांगितले आहे. दोन्ही उपयोगी आहेत. दर उद्यापासून बदलला तर त्यांच्या आधारे तो थांबवता येत नाही.

मग संघटित होऊन लढायचे का? हो, पण कसे, याची दोन उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवा. एप्रिल २०२२ मध्ये हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या अमेरिकेतल्या एत्सी या प्लॅटफॉर्मने व्यवहार शुल्क ५ वरून ६.५ टक्के केले. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली, जगभर बातम्या झाल्या. शुल्क ६.५ टक्केच राहिले. त्याआधी जर्मनीत वेगळे घडले होते. ॲमेझॉनवरच्या विक्रेत्यांनी तिथल्या स्पर्धा नियामकाकडे खाते बंद करणे, पैसे रोखणे, अटी एकतर्फी लादणे अशा ठोस तक्रारी मोठ्या संख्येने नेल्या. जुलै २०१९ मध्ये कंपनीने विक्रेत्यांशी असलेला आपला करार बदलला, खाते बंद करण्याआधी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची सूचना आणि कारणे देण्याचे मान्य केले, आणि हा बदल जर्मनीपुरता न ठेवता इतर देशांतही लागू केला. या दोन घटनांमधून मी जे घेतो ते असे: दर खाली आणण्याची मागणी प्लॅटफॉर्म सहज झटकू शकतो, कारण दर हा त्याचा व्यापारी निर्णय असतो. सूचनेची मुदत, कारणे, रोखलेले पैसे, अपिलाची सोय या मागण्या टाळणे त्याला जड जाते, कारण त्या न्याय्य वागणुकीच्या असतात आणि नियामकाला त्यांची दखल घेता येते. आपल्याकडेही जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचे आदेश दिले. ते प्रकरण पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांच्या फेऱ्यांत राहिले. म्हणून आयोगाकडे जरूर जावे, पण त्याच्या निकालावर पुढच्या दिवाळीचा माल अवलंबून ठेवू नये.

नियामकाकडे जा किंवा प्लॅटफॉर्मच्या सपोर्टकडे, चालते ते दप्तर. दरबदलाची प्रत्येक सूचना तारखेसह जतन करा. पॅनेलवरचे जुने पान नंतर तिथे असेलच असे नाही. महाग माल पॅक करताना आणि परत आलेले पाकीट उघडताना अखंड व्हिडिओ काढा, त्यात पाकिटावरचा क्रमांक आणि आतला माल एकाच चित्रीकरणात दिसू द्या. नव्या चादरीच्या जागी जुनी परत आली, हे सिद्ध करायला दुसरा मार्ग नाही. परतीच्या नुकसानीचा क्लेम करायला ठरावीक दिवसांची मुदत असते आणि रेट कार्डप्रमाणे तीही बदलते. परतीची पाकिटे आठवडाभर कोपऱ्यात साचू देणाऱ्याचे खरे क्लेमसुद्धा मुदतीअभावी बुडतात. सपोर्टला लिहिताना रागाने भरलेले मोठे पत्र उपयोगाचे नाही. ऑर्डर क्रमांक, कापलेली रक्कम, रेट कार्डनुसार कापायला हवी होती ती रक्कम, फरक, पुरावा, एवढे पाच ओळींत लिहा. एका तिकिटात एकच विषय. उत्तर न देता तिकीट बंद झाले तर जुन्या तिकिटाचा क्रमांक देऊन पुन्हा उघडा. करारातले लवादाचे आणि न्यायक्षेत्राचे कलमही एकदा वाचून ठेवा. मोठी रक्कम अडकली तर कुठल्या शहरात जावे लागेल ते आधीच माहीत असावे.

राहिला अवलंबित्वाचा मुद्दा. ‘स्वतःची वेबसाइट काढा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यावर विक्रेते म्हणतात, तिथे येणार कोण? बरोबर आहे. नुसत्या वेबसाइटवर ग्राहक येत नाही, जाहिरातीचा खर्च तिथेही आहे आणि डिलिव्हरीची जबाबदारी पूर्ण आपली. सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या ई-कॉमर्स जाळ्यावर विक्रेता एका ॲपला बांधलेला नसतो, ही त्याची मोठी जमेची बाजू; पण मोठ्या प्लॅटफॉर्मइतकी विक्री तिथे लगेच होईल या अपेक्षेने जाऊ नका. तरीही दुसरी वाट असायलाच हवी, आणि तिचे कारण जास्त नफा हे नाही. मुख्य प्लॅटफॉर्मने दर बदलला किंवा खाते तपासणीसाठी रोखले तर कारागिरांची मजुरी आणि सूतवाल्याची उधारी किती आठवडे भागेल, याचे उत्तर त्या दुसऱ्या वाटेवर ठरते. स्थानिक दुकानदार, प्रदर्शने, महाराष्ट्र मंडळांच्या दिवाळी ऑर्डरी, व्हॉट्सॲप कॅटलॉग, दुसरा एखादा प्लॅटफॉर्म, यांतून मिळून तीन-चार आठवड्यांचा ठरावीक खर्च निघेल एवढी विक्री बांधून ठेवा. मालावर आपले नाव आणि ठसा ठळक असू द्या, म्हणजे ग्राहक पुन्हा शोधताना नावाने शोधेल. मात्र पाकिटात ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी घालू नका. बहुतेक प्लॅटफॉर्मच्या नियमांत ती बसत नाही आणि त्यापायी खाते जाऊ शकते.

किंमत वाढवली तर ग्राहक शेजारच्या लिस्टिंगवर जाईल, ही भीती सर्वांत जुनी. जातो, काही जातो. पण वरच्या हिशेबात शिपिंग वाढल्यावर पाठवलेल्या एका चादरीमागे ३३ रुपये कमावून शंभर पाठवणारा आणि किंमत ४० रुपयांनी वाढवून पन्नासच पाठवणारा यांच्या हातात जवळपास सारखीच रक्कम येते, आणि दुसऱ्याला पॅकिंग, परत आलेला माल आणि अडकलेले भांडवल निम्मेच पडते. विक्रीचा आकडा मोठा दिसावा म्हणून तोट्यात ऑर्डरी घेणे हे सेलच्या दिवसांत फार होते. सेलमध्ये भाग घेण्याआधी सवलतीची किंमत त्याच शीटमध्ये घालून पाहा. उरणारी रक्कम शून्याखाली गेली तर त्या वस्तूसाठी नकार द्या, प्लॅटफॉर्मच्या अकाउंट मॅनेजरचा फोन आला तरी.

या आठवड्यात वेळ काढून गेल्या वर्षभराच्या सेटलमेंट फाइल, शुल्काची बिले आणि आलेल्या सर्व सूचना पॅनेलवरून आपल्या संगणकावर उतरवून घ्या. खाते एकदा बंद झाले की पॅनेल उघडेलच याची खात्री नाही, आणि मग थकलेले पैसे मागायला तुमच्या हातात एवढीच कागदपत्रे असतील.